निवडणूक प्रचारातील संकेतस्थळ आणि ब्लॉग

जाहीरनामा, पत्रक आणि सभेतील भाषण या प्रचारलेखनाच्या रूढ प्रकारांत उमेदवार बोलतो व मतदार ऐकतो. ब्लॉगमुळे हे नाते कसे बदलले आणि त्या बदलाची मर्यादा कोणती, हे आपण अमेरिकेतील एका उदाहरणावरून समजून घेऊ.

स्वरूपातील भेद

प्रचाराच्या संकेतस्थळावर उमेदवाराचा परिचय, धोरणे, सभांचे वेळापत्रक व देणगीची सोय असते. तेथील भाषा पत्रकासारखी औपचारिक असते. ब्लॉगवर दिनांकानुसार नोंदी येतात. सर्वांत नवी नोंद वर असते. लेखकाचा सूर संवादाचा असतो आणि वाचक नोंदीखाली अभिप्राय लिहू शकतो. म्हणजेच वाचक हाही मजकुराचा सहलेखक ठरतो.

हॉवर्ड डीन यांची मोहीम

व्हरमाँट राज्याचे माजी गव्हर्नर हॉवर्ड डीन यांनी २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागितली. ते देशभर फारसे परिचित नव्हते. २००३ मध्ये मोहीमप्रमुख जो ट्रिपी यांच्या काळात ‘ब्लॉग फॉर अमेरिका’ सुरू झाला. इराक युद्धाला विरोध असणारे समर्थक तेथे एकत्र आले. त्यांनी सूचना केल्या, परस्परांना धीर दिला आणि लहान लहान देणग्यांतून मोठा निधी उभा केला.

तरीही १९ जानेवारी २००४ रोजी आयोवा राज्यात डीन तिसऱ्या क्रमांकावर राहिले. तेथील पद्धतीनुसार मतदाराला सायंकाळी ठरलेल्या ठिकाणी जाऊन, शेजाऱ्यांसमक्ष आपल्या उमेदवाराच्या गटात उभे राहावे लागे. पराभवाची कारणे अनेक होती. परंतु देशभर विखुरलेल्या वाचकांचा उत्साह म्हणजे स्थानिक मतदाराचे मत नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले.

२००८ मध्ये बराक ओबामा यांच्या संकेतस्थळाने समर्थकांना आपल्या परिसरात बैठका घेण्याची व मतदारांना दूरध्वनी करण्याची सोय दिली. लिहिणे आणि प्रत्यक्ष कार्य यांची सांगड तेथे घातली गेली.

सारांश

संकेतस्थळ माहिती देते, ब्लॉग आपलेपणा निर्माण करतो. मात्र त्या आपलेपणाला गल्लीतील कार्यकर्त्याची जोड मिळाल्यासच तो मतपेटीपर्यंत पोहोचतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. संकेतस्थळ व ब्लॉग यांच्या भाषेतील फरक स्पष्ट करा.
२. आपल्या गावातील पाणीप्रश्नावर उमेदवाराच्या भूमिकेतून प्रथम पत्रकाचा व नंतर ब्लॉगनोंदीचा परिच्छेद लिहा. दोहोंतील सूर कसा बदलतो, ते नोंदवा.