भिंतीतला गोचीड

बारामती-इंदापूर रस्त्यावरील निमगाव केतकी हे गाव पानमळ्यांसाठी परिचित असले, तरी नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने या मुलखात ऊस आला, उसामागोमाग हिरवी वैरण आली आणि वैरणीच्या भरवशावर होल्स्टिन व जर्सी रक्ताच्या संकरित गाई दावणीला आल्या, तेव्हापासून येथील कित्येक घरांचा जमाखर्च दुधावरही चालू लागला. खिलार जनावराच्या ठायी गोचिडाला तोंड देण्याचे जे पिढीजात सामर्थ्य असते, ते मात्र या धिप्पाड, दुभत्या गाईंपाशी फारसे नाही.

गाईच्या कासेजवळ, कानाच्या पाळीत किंवा शेपटीच्या मुळाशी बोटे फिरवली म्हणजे एरंडाच्या बीसारखा टम्म फुगलेला, करड्या रंगाचा जीव हाताला लागतो. ती रक्त पिऊन तृप्त झालेली मादी असते. लोक तिला सर्रास कीटक म्हणतात, परंतु आठ पायांचा हा प्राणी कोळी व विंचू यांच्या कुळातला आहे. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिलाला मात्र सहाच पाय असतात.

गोठ्यातले सारे गोचीड एकाच जातीचे नसतात, आणि बंदोबस्ताची सारी गोम येथेच आहे. रिपिसेफॅलस मायक्रोप्लस हा पिलापासून प्रौढावस्थेपर्यंतचा तीन आठवड्यांचा मुक्काम एकाच जनावरावर करतो, आणि मादी शेवटी गळून पडून शेणामातीत वा गवताच्या बुडाशी दोन-तीन हजार अंडी घालते. हायलोमा अॅनाटोलिकमची रीत निराळी: लांब सोंडेचा, पायांवर फिकट कडी असलेला हा गोचीड रक्त पिऊन खाली उतरतो, भिंतीच्या भेगांत वा गव्हाणीच्या सांदीत शिरतो, तेथे कात टाकतो आणि पुढच्या जेवणासाठी पुन्हा नवे जनावर गाठतो, त्याच्या आयुष्याचा बहुतांश काळ गाईवर नव्हे, तर गोठ्याच्या भिंतीत जातो.

रोगांची वाटणीही याच वहिवाटीने झालेली आहे. शेतकरी ज्याला गोचीड ताप म्हणतात, तो थायलेरियाचा रोग हायलोमा पसरवतो. एका अवस्थेत घेतलेला जंतू तो कात टाकल्यावर पुढच्या अवस्थेत दुसऱ्या गाईला देतो, मग ताप चढतो, खांद्यापुढील गाठ सुजते, हिरड्या पांढऱ्या पडतात आणि दूध आटते. लघवी कॉफीच्या रंगाची करणारा बबेसिया मात्र मायक्रोप्लसच्या मादीकडून अंड्यांत उतरतो, म्हणून तिची पिले जन्मतःच रोग घेऊन येतात. अॅनाप्लाझ्माला तर गोचिडाचीही गरज नसते; एकच सुई अनेक जनावरांना टोचली तरी त्याचे काम भागते.

माणसाच्या बाबतीत आपल्याकडे नाव होते ते माकडतापाचे. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, तेव्हा त्या विषाणूचा माग पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने काढला. 2016 साली तोच ताप सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात दिसला. त्याचा वाहक असलेला हेमाफायसॅलिस गोचीड दमट वनांत राहणारा असल्यामुळे इंदापूरच्या कोरड्या माळाने त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. तथापि 2011 साली गुजरातेत आढळलेला क्रायमियन-काँगो रक्तस्रावी ताप हायलोमाच्याच कुळातील गोचीड पसरवतात, आणि गोचीड उपटून बोटांनी चिरडण्याची आपली जुनी सवय त्यामुळे सोडलेलीच बरी. चिमट्याने कातडीलगत धरून तो सरळ ओढावा व रॉकेलात टाकावा.

औषध गाईवर मारायचे आणि भिंत तशीच ठेवायची, हा उपाय अर्धाच होय. गाय आणि गोठा एकाच दिवशी फवारावेत, भेगा लिंपून वर चुना द्यावा, आणि नव्या पिलांचा हिशेब धरून फवारणी पशुवैद्याने सांगितलेल्या अंतराने पुन्हा करावी. औषध पातळ करून काटकसर साधणारे पुष्कळ आहेत. ती काटकसर औषधाला न जुमानणारे गोचीड निपजवते. अलीकडे मुक्तसंचार गोठ्यात कोंबड्या सोडतात, आणि त्या खाली पडलेल्या माद्या टिपतात. थायलेरियावर लसही आहे, पण जिवंत पेशींची असल्यामुळे ती द्रवरूप नायट्रोजनमध्येच जपावी लागते, आणि भरत आलेल्या गाभण गाईला देत नाहीत. बाजारातून आणलेली गाय मात्र, लस असो वा नसो, अंग तपासून व फवारून होईपर्यंत निराळ्या खुंट्याला बांधावी, कारण ती कोणाच्या गोठ्यातले गोचीड घेऊन आली आहे हे विकणारा सांगत नाही.