शेती, सरकार आणि बाजार – भाग 6 : काजू बीचा भाव कुठे ठरतो?

हापूस कोणासाठी थांबत नाही. पिकायला आला की तो विकावाच लागतो, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. काजू बीचं तसं नाही. नीट वाळवून कोरड्या जागी ठेवली तर ती कित्येक महिने टिकते. तरीही राजापूर-लांज्याचा बागायतदार एप्रिल-मेमध्येच, गावोगावची बी एकदम बाजारात येते त्याच दिवसांत ती विकून मोकळा होतो. पावसाळ्यापूर्वी हातात पैसा हवा असतो, आणि ठेवायला जागा नसते.

मुळात रत्नागिरीच्या वरकस जमिनीवर काजू एवढा पसरला तो सरकारी पैशामुळे. 1990 च्या सुमारास राज्याने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेला जोडली. खड्डे, कलमं, खत, मजुरी यांचा मोठा भार सरकारने उचलला आणि झाडं जगली तरच पुढचे हप्ते दिले. जिथे नाचणी-वरीपलीकडे काही होत नव्हतं त्या उतारांवर आंबा-काजूच्या बागा उभ्या राहिल्या. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राच्या जातींनी त्याला जोड दिली. 2018 ची भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना त्याच वाटेने जाते: तीन वर्षांत 50, 30, 20 टक्के असं अनुदान, आणि कोकणात 10 हेक्टरपर्यंत मर्यादा. उर्वरित महाराष्ट्रात ती 6 हेक्टर आहे. अडचण सामाईक सातबाऱ्याची. निम्मे हिस्सेदार मुंबईत असले की संमतीपत्रं गोळा करता करता लागवडीचा पावसाळा निघून जातो. तरी मी या योजनेला यशस्वी म्हणेन. आज काजू उत्पादनात महाराष्ट्र देशात आघाडीवर आहे.

पण झाड लावायला मदत करणारं सरकार बी विकायच्या वेळी ‘भाव बाजार ठरवेल’ म्हणतं. हा बाजार मोकळा आहे का? देशातल्या काजू कारखान्यांची बीची गरज इथल्या उत्पादनातून भागत नाही. आयव्हरी कोस्ट, टांझानियातून कच्ची बी तुतिकोरिन, मंगळूरच्या बंदरांत उतरते. या कच्च्या बीवरचं आयात शुल्क 2018 च्या अर्थसंकल्पात 5 टक्क्यांवरून 2.5 टक्क्यांवर आलं. पुढच्याच वर्षी, 2019 मध्ये, तयार काजूगरावरचं शुल्क मात्र 45 वरून 70 टक्के झालं. कारखानदाराला कच्चा माल स्वस्त मिळावा आणि त्याच्या गराला परदेशी गराशी झुंजावं लागू नये, अशी ही रचना आहे. कारखाने टिकले पाहिजेत, त्यांत हजारो बायकांचा रोजगार आहे, हे खरंच. पण याच साखळीत बी पिकवणाऱ्याच्या वाट्याला जवळजवळ उघडी स्पर्धा येते. म्हणजे संगमेश्वरातल्या बीचा भाव आफ्रिकेतल्या पिकावर आणि दिल्लीतल्या शुल्कावर ठरतो.

यावर महाराष्ट्राने 2024 च्या हंगामासाठी किलोमागे 10 रुपये अनुदान जाहीर केलं, किमान 50 आणि कमाल 2000 किलोंपर्यंत. म्हणजे एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त 20,000 रुपये. शेजारच्या गोव्याची रीत वेगळी आहे. तिथे सरकार आधारभूत भाव जाहीर करतं आणि बाजारभाव त्याच्या खाली गेला की फरक भरून देतं. 2023 मध्ये हा भाव 125 वरून 150 रुपये झाला. समजा बाजारात बी 110 रुपयांना गेली. गोव्यातल्या शेतकऱ्याला वर 40 रुपये मिळतील, आपल्याला 10. भाव 160 झाला तर गोव्यात काहीच नाही, आपल्याकडे तरीही 10. चांगल्या वर्षी कोणालाच आधाराची गरज नसते; तो हवा असतो भाव कोसळतो तेव्हा. त्यामुळे माझ्या मते गोव्याची पद्धत सरस आहे. तिचा एक धोका सांगायलाच हवा: फरक सरकार भरणार हे कळलं की व्यापारी भाव आणखी खाली खेचू शकतो. म्हणून खरेदी सोसायटीमार्फत आणि उघड बोलीने व्हायला हवी.

याहून स्वस्त उपाय आपल्याच हाताशी आहे. कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत काजू बी बसते. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज 6 टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी घ्यायचं आणि भाव सुधारल्यावर विकायचं. पण गोदाम तालुक्याच्या गावी आणि बी डोंगरातल्या वाडीत, तर चार पोती घेऊन जाणार कोण? किलोमागे 10 रुपये वाटण्याऐवजी त्याच पैशातून विकास सोसायट्यांना गोदामं आणि वाळवणीचे ओटे बांधून दिले, तर शेतकऱ्याला थांबता येईल.

तोवर बागायतदारांना एक कळकळीची विनंती. सातबाऱ्यावर काजूची नोंद आहे का, ते आजच तपासा. नसेल तर ई-पीक पाहणीत ती करून घ्या. बी कोणालाही विकलीत तरी पक्की पावती मागून घ्या. अनुदान असो की तारण, कागदाशिवाय त्यातलं काहीही तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही.