कयाक उलटली तर?

देवबागच्या खाडीकाठी सकाळी साडेसहाला कयाकी वाळूवर ओळीनं लावलेल्या असतात आणि क्लबबरोबर पहिल्यांदाच आलेल्यांचा प्रश्न ठरलेला असतो : "उलटली तर पाय अडकतील ना हो आत?"

नाही अडकत. समुद्रातली कयाक सोळा-सतरा फूट लांब आणि जेमतेम दोन फूट रुंद असते. बसायच्या जागेभोवती कमरेचा रबरी घागरा, म्हणजे स्प्रे स्कर्ट, ताणून बसवतात, त्यामुळे लांबून माणूस होडीत शिवून टाकल्यासारखा दिसतो. पण घागऱ्याच्या पुढच्या टोकाला एक पट्टा बाहेर काढून ठेवलेला असतो. तो आधी पुढे आणि मग वर ओढला की घागरा सुटतो आणि उशीचा अभ्रा निघावा तशी होडी पायांवरून निघते. हा सराव पहिल्याच दिवशी छातीएवढ्या पाण्यात करून घेतात. पट्टा घाईत आत दुमडून राहिला तर मात्र पंचाईत, म्हणून निघण्यापूर्वी प्रत्येकानं शेजाऱ्याचा पट्टा बघायचा अशी आमच्यात शिस्त आहे.

उलटलेली कयाक बुडतही नाही. तिच्या पुढच्या-मागच्या भागात हवाबंद कप्पे असतात. सोबती आपली होडी काटकोनात आणून तुमच्या होडीचं टोक स्वतःच्या होडीवर ओढतो, आतलं पाणी ओततो, सरळ करून घट्ट धरतो. तुम्ही पालथे होऊन मागच्या बाजूनं चढायचं. सराव असेल तर दोन-तीन मिनिटांचं काम. दिसायला शोभत नाही, एवढंच.

"दंडात ताकद हवी" हेही खरं नाही. नुसत्या दंडांनी वल्हवणारा तासाभरात गळतो. पाय आतल्या टेकूंवर रोवून कंबर वळवायची, हात फक्त वल्हं धरायला. "पोहता येतं, मग जॅकेट कशाला" म्हणणाऱ्यांशी तर आम्ही वादच घालत नाही, त्यांना किनाऱ्यावर ठेवतो.

लोक घाबरतात ते पाण्याच्या खोलीला. होडीखाली दोन वाव पाणी आहे की वीस, याचा होडीला काही फरक पडत नाही. उलट लाट तिच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोलीत पोचली की फुटते. म्हणजे किनाऱ्यालगत, खडकांपाशी आणि खाडीच्या तोंडाशी जास्त जपायचं. "काठाकाठानंच जाऊ की" हा प्रेमळ सल्ला म्हणूनच नेहमी चांगला नसतो.

सगळ्यात फसवा गैरसमज सकाळी होतो. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई वाहते. ती पाठीशी असते, किनाऱ्याच्या आडोशाला पाणी आरशासारखं असतं, आणि होडी सुळकन पुढे जाते. नव्या माणसाला वाटतं, आपल्याला जमलं! खरं तर वारा त्याला बाहेर नेत असतो. परत वळल्यावर तोच वारा तोंडावर येतो. ताशी पाच-सहा किलोमीटर हा सरासरी माणसाचा वेग, वारा वाढला की तो निम्म्यावर येतो. दुपारी खारा वारा सुटला की किनाऱ्याकडे ढकलतो हे खरं, पण त्याचीही एक गोम आहे.

ती तिथीत आहे. कोकणातला जुना हिशेब असा : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास भरती. मालवणकडे ती थोडी आधी येते, म्हणून हा ढोबळ हिशेब झाला, छापील कोष्टक बघावंच. तर अष्टमीला सकाळी ओहोटीबरोबर कर्लीच्या, म्हणजे देवबागच्या खाडीच्या, तोंडातून बाहेर पडायचं, भोगव्याच्या वाळूवर डबा खायचा आणि दुपारी भरतीबरोबर आत यायचं. शिवाय अष्टमी म्हणजे भांग, पाण्याला ओढ कमी. पौर्णिमेला गणित उलटं. भरती अकरा-बाराला, आणि परतायच्या वेळी उधाणाची ओहोटी. सहा तासांच्या ओहोटीतलं निम्मं पाणी मधल्या दोन तासांत जातं, म्हणजे नेमकं एक-दोन ते तीन-चारच्या दरम्यान. खाडी पश्चिमेकडे धावते, खारा वारा समोरून तिच्यावर चालून येतो, आणि दोघांच्या भांडणात तोंडाशी लाटा आखूड आणि उभ्या होतात. आकाश निरभ्र, हवामानखात्याचा इशारा नाही, तरी एका दुपारी त्या पन्नास-साठ वावांच्या पट्ट्यात आमच्यातले तिघे एकामागून एक उलटले. मागचा लाटेत दिसेनासा झाला की पुढच्याला तो उलटलाय की नुसता आडोशाला आहे हेही कळत नव्हतं.

मोबाइल आहे म्हणून निर्धास्त राहणारेही असतात. तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर जरूर साठवावा, फोन जलरोधक पिशवीत आणि पिशवी अंगावर असावी. पण मदत येईपर्यंतचा वेळ सोबत्यांच्या भरवशावरच काढायचा असतो. क्लब सगळ्यात सावकाश माणसाच्या वेगानं चालतो, तो यासाठी.

पौर्णिमा-अमावास्येच्या रविवारी आता आम्ही तोंडाबाहेर जातच नाही. भरतीबरोबर कर्लीतून आतल्या बाजूला जातो, माडांच्या सावलीत थांबतो, आणि नव्या लोकांना तिथे पोटभर उलटू देतो.