शिधायाद्या आणि रोजचें जेवण

जुन्या घराण्याच्या दप्तराचा रुमाल सोडला म्हणजे संग्राहकाचा हात प्रथम शिक्क्याच्या कागदाकडे जातो. सनदा, महजर, निवाडे व वंशावळी निराळ्या निघतात, नंतर खाजगी पत्रें निघतात, आणि तळाशीं अरुंद व लांबट फर्दांचा एक गठ्ठा उरतो. त्यांत कोठीच्या याद्या, मुदपाकखान्याचे तपशील, आल्यागेल्यास शिधा दिल्याच्या नोंदी असतात. त्यावर ‘किरकोळ हिशेब’ असें लिहून तो बाजूस ठेवण्याची चाल आहे. बाजूस ठेवलेल्या कागदाचें पुढें काय होतें हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. एका घरीं असले चार रुमाल वाण्याच्या पुड्यांसाठीं गेल्यावर आम्ही पोंचलों. मालकांनीं सनदा मात्र कांचेंत बसवून ठेविल्या होत्या. आमचे पूर्वज रोज दुपारीं काय जेवीत, या साध्या प्रश्नाचें लेखी उत्तर बहुधा याच गठ्ठ्यांत असतें, म्हणून त्याच्या वाचनाविषयीं चार गोष्टी येथें मांडीत आहों.

ग्रंथांत हें उत्तर सांपडत नाहीं असें नाहीं, पण जें सांपडतें तें सणाचें ताट. बाराव्या शतकांतील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांत अन्नभोगाचें प्रकरण आहे. तें राजाचें भोजन होय. सतराव्या शतकांतील रघुनाथाचें भोजनकुतूहल पदार्थांचे गुणदोष सांगतें. सवाई माधवरावांच्या इ. स. १७८३ मधील लग्नाची बेतयादी प्रसिद्धच आहे, परंतु लग्नाच्या पंक्तीवरून शनिवारवाड्यांतील कारकुनाचें मंगळवारचें जेवण कसें ठरवावें? सर्वांस ठाऊक असलेली गोष्ट कोणी लिहून ठेवीत नाहीं. लीळाचरित्रांत भिक्षेचे व आरोगणेचे प्रसंग वारंवार येतात, आणि तेथें साधें अन्न ओघानें दिसतें. त्या ग्रंथाचें मोल या बाबतींत फार आहे. पण कोठीचा कारकून हा एकच लेखक असा कीं, रोजचें अन्न रोज लिहिणें हेंच त्याचें काम, कारण त्यास हिशेब देणें असे.

शिधा म्हणजे न शिजविलेलें अन्न. एका माणसाच्या शिध्यांत तांदूळ, डाळ, कणीक, तूप, मीठ, क्वचित् हळद व गूळ अशीं कलमें दिसलीं तर वरण-भात-पोळीचा स्वैंपाक डोळ्यांपुढें उभा राहतो. मात्र जें यादींत नाहीं तें पानावरही नव्हतें असें समजूं नये. परसांतील भाजी, घरच्या गाईचें ताक, लोणच्याची फोड यांस कोठींतून कांहीं निघत नाहीं. म्हणून तीं हिशेबांत येत नाहींत. उलट ज्यास नुसता जोंधळा, बाजरी किंवा नाचणी मोजून दिली, त्यानें तें दळून भाकरी केली, आणि तिच्याबरोबर खाण्याचें त्याचें त्यानें पाहिलें, एवढेंच सिद्ध होतें. देशावर या बरोबरच्या जिनसेस ‘कोरड्यास’ हा जो शब्द आहे तो फार बोलका आहे: कोरड्या भाकरीस लावून खावयाचें तें कोरड्यास, मग तें पिठलें असो, चटणी असो कीं हुलग्यांचें माडगें असो. कोंकणांत सकाळची पेज ही वेगळी. ती बहुधा घरच्याच कण्यांची, म्हणून तीही कागदावर नाहीं.

आतां मापें. येथें चांगले चांगले वाचक ठेंचाळतात. एकाच यादींतला ‘शेर’ दोन प्रकारचा असतो. धान्य मापानें देत, तूप-गूळ-साखर वजनानें. मापी शेराचीं दोन मापटीं, मापट्याचीं दोन चिपटीं, चिपट्याचीं दोन कोळवीं, कोळव्याचीं दोन निळवीं. वर चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. वजनी शेराचे चार पाव, आठ नवटाक, सोळा छटाक. आणि मण चाळीस शेरांचा. म्हणजे धान्याचा मण अठ्ठेचाळीस मापी शेरांचा आणि गुळाचा चाळीस वजनी शेरांचा. नवटाक हें नांवच आपला हिशेब सांगतें: बहात्तर टांकांच्या शेराचा आठवा भाग तो नऊ टांक. शिवाय पायली गांवोगांव लहानमोठी असे. इंग्रजी अमलांतील ऐशीं तोळ्यांचा पक्का शेर सुमारें ९३३ ग्रॅम भरतो, आणि १९५६ च्या कायद्यानें दशमान वजनें आल्यावर तोही व्यवहारांतून गेला. त्या शेरानें पेशवाईंतील यादीचे ग्रॅम काढून ‘अमुक मनुष्य इतकें खाई’ असें लिहिणारे लेख आम्हीं वाचले आहेत. त्यांतील दशांशचिन्ह पाहून हंसूं येतें.

अपूर्णांकांच्या उभ्या रेघांचें तसेंच. आंकड्यापुढें एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे निमे, तीन म्हणजे पाऊण. नक्कल करणारा त्यांस विरामदंड समजून गाळतो, आणि दीड शेर तांदळाचा एक शेर होतो.

शब्दही फसवितात. कोंकणच्या कागदांतील ‘भात’ म्हणजे साळ, शिजलेला भात नव्हे. तें कांडल्यावर तांदूळ मापानें निम्म्याच्या आसपास उरतात. ‘हरभरा’ रोजच्या रोज भरपूर निघत असेल तर घरांत चण्याची आवड होती असा तर्क करण्यापूर्वीं वर ‘चंदी’ हा शब्द आहे कीं काय तें पाहावें, कारण तो घोड्यांचा खुराक असेल.

यादी रोजच्या दिवसाची कीं उपासाची, हें तारखेवरून कळतें. पेशवाई कागदांवर ‘छ’ लिहून जो आंकडा येतो तो यावनी महिन्याचा चंद्र होय. तो महिना चंद्रदर्शनानें लागतो, म्हणून छ १ हा बहुधा शुद्ध द्वितीयेस किंवा तृतीयेस पडतो. अर्थात् छ ९ किंवा १० च्या सुमारास शुद्ध एकादशी येणार, आणि छ २४ किंवा २५ च्या सुमारास वद्य एकादशी. त्या दिवशीं तांदूळ नाहींसे होऊन वरी, राजगिरा, शिंगाडे दिसले तर त्यांत नवल नाहीं. पण एवढें न पाहतां त्या यादीवरून घराच्या ओढगस्तीचें अनुमान काढणें म्हणजे देवाच्या उपासास दारिद्र्य म्हणणें होय.

याद्यांचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो बनावट कागद विकत घेऊन बसलेल्यांस कटु वाटेल. मिरची, मका, भुईमूग, बटाटा, रताळें, काजू, पेरू हीं सर्व मूळचीं अमेरिकेचीं. वास्को द गामा कालिकतास १४९८ मध्यें आला व गोवें पोर्तुगीजांकडे १५१० मध्यें गेलें; यादवकालीन म्हणून दाखविलेल्या कागदांत यांपैकीं एकही जिन्नस असेल तर तो कागद यादवकालीन नव्हे. परंतु येथेंही घाई नको. मोडींत ‘मिरें’ व ‘मिरची’ यांचें वाचन चुकूं शकतें, आणि पोर्तुगीज ‘बटाटा’ हा शब्द मुळांत रताळ्याचा होता. गंमत अशी कीं आजच्या उपासाचें पान, साबुदाण्याच्या कंदापासून शेंगदाण्यापर्यंत, बहुतेक समुद्रापलीकडचें आहे.

या साधनांची एक मोठी उणीव मात्र कबूल केली पाहिजे. ज्याच्या घरीं कोठी नाहीं, त्याच्या ताटाची यादीही नाहीं. कुणब्याची दुपारची भाकरी कागदावर येते ती तो दुसऱ्याच्या दारीं राबला तेव्हां: गडाच्या इमारतीवर, बिगारींत, हमालींत, ‘पैकीं धान्य’ म्हणून मजुरींत वळती झालेली. म्हणून वाड्यांच्या मुदपाकखान्यापेक्षां इमारतखर्चाचे फर्द आम्हांस अधिक मोलाचे वाटतात, आणि तेच सर्वांत आधीं रद्दींत जातात.

ज्यांच्यापाशीं असे गठ्ठे असतील त्यांनीं नक्कल करतांना आंकडे व रेघा जशाच्या तशा उतराव्या, शेर-पायलीचे आधुनिक वजन करूं नये, छ व महिना कधींही गाळूं नये, आणि एकाच दिवसाची चांगली यादी निवडण्यापेक्षां एका महिन्याच्या सलग याद्या, त्या कितीही सारख्या दिसोत, एकत्र ठेवाव्या.