डोक्यातला नकाशा

बालमित्रांनो, सांडोरच्या वाड्यांमधून, बावखलांच्या कडेकडेने जाणाऱ्या वाकड्यातिकड्या वाटा इथल्या मुलांना तोंडपाठ असतात. नवखा पाहुणा मात्र दोन वळणांतच गोंधळतो. मग काय, मुलांच्या डोक्यात नकाशा असतो?

हो, असतो! उंदीर ठरावीक जागी आला की त्याच्या मेंदूतल्या ठरावीक पेशी जाग्या होतात, हे १९७१ साली जॉन ओकीफ यांनी दाखवले. २००५ साली मे-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर यांना जागेवर जणू चौकटी आखणाऱ्या आणखी पेशी सापडल्या. या तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

माणसाची परीक्षा कशी घ्यायची? अख्खे गाव काही प्रयोगशाळेत आणता येत नाही! म्हणून शास्त्रज्ञ संगणकात आभासी गाव उभारतात. डोळ्यांवर यंत्र चढवायचे, की गल्ल्या समोर हजर.

पण इथेच खरी मेख आहे. समजा, खुणांमुळे वाट लवकर पाठ होते का, हे पाहायचे आहे. एका गावात क्रूस, विहीर, दुकान ठेवले. दुसऱ्यात काहीच नाही, पण वळणे मात्र दुप्पट! तिथे मुले चुकली तर दोष कुणाचा? खुणा नसण्याचा की वळणांचा? सांगता येणार नाही. म्हणून दोन्ही गावांत वाटेची लांबी, वळणे, फाटे, चालण्याचा वेग सारखाच हवा. फरक फक्त खुणांचा. शिवाय निम्म्या मुलांनी आधी पहिले गाव फिरायचे, निम्म्यांनी आधी दुसरे. नाहीतर सरावाचा फायदा एकाच गावाला मिळेल!

२०१६ साली 'सी हीरो क्वेस्ट' हा होडीचा मोबाइल खेळ आला. जगभरातल्या चाळीस लाखांहून अधिक लोकांनी तो खेळला. सर्वांना समुद्र तोच, म्हणून तुलना करता आली. शहराबाहेर वाढलेल्यांना सरासरीने वाट अधिक चांगली सापडते, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

पालकहो, हा नुसता खेळ नव्हे. ओळखीच्या वाटेवर चुकणे हे अल्झायमरचे सुरुवातीचे लक्षण असू शकते. परीक्षाच सदोष असेल, तर आजोबांचा आजार लवकर कसा कळणार?

मित्रांनो, कागदावर असेच दोन चक्रव्यूह काढा, फरक एकच ठेवा आणि घरातल्यांना सोडवायला द्या. बघा, कोण जिंकतंय!