घरचा कर्ता आणि राज्याचा मुख्य प्रधान

एकत्र कुटुंबांत कर्ता एकच असतो. भाऊभाऊ माजघरांत हवा तेवढा वाद घालोत. सोयरिकीचा किंवा शेतीचा निर्णय एकदां ठरला कीं ओसरीवर सर्वांच्या तोंडून एकच शब्द निघतो. मंत्रिमंडळाची संयुक्त जबाबदारी म्हणतात ती याहून फारशी निराळी नाहीं. परंतु कर्त्याचें कोणी ऐकेनासें झालें तर? अथवा कर्त्यानेंच कोणाला न विचारतां घर गहाण टाकलें तर? हे दोन्ही प्रसंग आपल्या लोकांनीं अनुभविले आहेत.

पहिला प्रसंग १९३८ सालचा. बुलढाण्यानजीकचें देऊळघाट तेव्हां मध्यप्रांत-वऱ्हाडांत मोडत असे. राजधानी नागपूर आणि मुख्य प्रधान डॉ. नारायण भास्कर खरे. मंत्रिमंडळांत दोन तट पडले होते. खऱ्यांकडे वऱ्हाडचे रामराव देशमुख व गोळे. पलीकडे महाकोशलचे रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता. मे महिन्यांत पचमढीस समेट झाला, पण तो टिकला नाहीं. २० जुलै रोजीं खरे, देशमुख व गोळे यांनीं राजीनामे दिले आणि उरलेल्या तिघांकडेही ते मागितले. पक्षश्रेष्ठींच्या आज्ञेवांचून आम्ही जागा सोडणार नाहीं, असें त्या तिघांनीं कळविलें. तेव्हां गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनीं त्यांना बडतर्फ केलें व खऱ्यांच्याच हातीं नवें मंत्रिमंडळ दिलें. काँग्रेसश्रेष्ठी यावर संतापले. २३ जुलैस खऱ्यांना पद सोडावें लागलें आणि महिना संपण्यापूर्वीं शुक्ल मुख्य प्रधान झाले.

खऱ्यांची बाजू अगदींच लंगडी नव्हती. ज्याच्या शब्दाला सहकारी जुमानीत नाहींत त्यानें राज्य कसें चालवावें? पण घरांतील भांडण मिटविण्यास त्यांनीं परकी सत्तेचा हात घेतला, हें लोकांना रुचलें नाहीं. या साऱ्या धांदलींत एक गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानांत आली नाहीं. देऊळघाटासारख्या गांवांतून ज्यांनीं मतें दिलीं, त्यांच्या कायदेमंडळाला कोणी विचारलेंच नव्हतें. मंत्री पडले ते गव्हर्नरच्या मर्जीनें आणि पक्षाच्या हुकुमानें.

दुसरा प्रसंग याच्या नेमका उलट. १९५६ च्या जूनमध्यें पंडित नेहरूंनीं मुंबई केंद्राच्या ताब्यांत राहील असें जाहीर केलें. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख हे कुलाब्याचे प्रतिनिधि. हा निर्णय मंत्रिमंडळांत रीतसर विचार न होतांच जाहीर झाला, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनीं जुलैमध्यें राजीनामा दिला व लोकसभेंत उभें राहून आपलीं कारणें सांगितलीं. येथें कर्ता दुबळा नव्हता. तो फार प्रबळ झाला होता.

स्वतंत्र भारताच्या घटनेनें या गुंत्यांत वाट काढिली आहे. मंत्र्यांची नेमणूक पंतप्रधानाच्या सल्ल्यानें होते, पण सारें मंत्रिमंडळ मिळून जबाबदार असतें तें लोकसभेला. राज्यांत मुख्यमंत्री व विधानसभा यांचें नातें असेंच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं डिसेंबर १९४८ मध्यें घटनासमितींत याचें मर्म सांगितलें : संयुक्त जबाबदारी पाळली जावी अशी इच्छा असेल, तर मंत्री ठेवण्याकाढण्याची शक्ति पंतप्रधानाच्याच ठायीं हवी. २००३ सालच्या घटनादुरुस्तीनें मंत्र्यांच्या संख्येलाही सभागृहाच्या शेंकडा १५ ची मर्यादा घातली.

तथापि कलमांनीं सर्व कांहीं साधत नाहीं. सहकाऱ्याला काढण्याचा अधिकार कायदा देऊं शकतो. त्याचें ऐकून घेण्याची बुद्धि देऊं शकत नाहीं. खऱ्यांच्या मंत्र्यांपाशीं शिस्त नव्हती, आणि देशमुखांच्या वेळीं विचारविनिमय झाला नाहीं. दोन्ही वेळां घर फुटलें. ज्या घरांत धाकट्या भावाला माजघरांत बोलूं दिलें जातें, त्याच घराचा शब्द ओसरीवर एक राहतो. राज्याच्या बाबतींत तें माजघर म्हणजे मंत्रिमंडळ. आणि ओसरीवर बसून हिशेब मागणारे आपण मतदार. तो मागण्यास आपण चुकूं नये.