परमुलखातील जमाखर्च

बंगळुरूच्या आग्नेयेला होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या दरम्यान वसलेल्या वसाहतीला त्या दोन रस्त्यांच्या आद्याक्षरांवरून एचएसआर लेआउट असे नाव मिळाले. सात सेक्टरांच्या या वसाहतीत सकाळी फेरफटका मारला, तर आगरा तलावाच्या काठी फिरणाऱ्यांत, इडलीच्या गाड्यांभोवती आणि चहाच्या टपऱ्यांवर कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी यांच्या जोडीने मराठीही कानांवर पडते. कोल्हापूर, सातारा, नाशिक, लातूर येथून आलेली, पेइंग गेस्ट म्हणून एकेका खोलीत राहणारी ही मुले-मुली संगणक क्षेत्रात काम करतात. घर सोडून एकट्याने राहण्याचा पहिला धडा त्यांना येथेच मिळतो. घरमालकीणबाई जिन्यात भेटल्या की ‘ऊट आय्ता?’ असे विचारतात. जेवण झाले का, हा प्रश्न म्हणजे चौकशी नसून नमस्कारच आहे, हे समजायला नवख्या माणसाला काही दिवस लागतात.

यांतील अनेकांचा पुढचा मुक्काम परदेशी असतो. व्हिसा, परकीय चलन, गरम कपडे, पापड-लोणची अशी तयारी सुरू होते. सामानाची यादी पूर्ण होते. परंतु परक्या संस्कृतीत एकट्याने राहताना आपले काय सोडावे लागेल आणि काय राखता येईल, याची यादी मात्र कोणी करून देत नाही. ती ज्याची त्याने, तेथे गेल्यावरच करायची असते. मराठी माणसांनी अशी यादी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच मांडण्यास सुरुवात केली होती. डॉ. आनंदीबाई जोशी, पंडिता रमाबाई आणि धर्मानंद कोसंबी या तिघांचे परदेशवास त्या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत.

रोझेलचे घर

७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघालेल्या आगबोटीत अठरा वर्षांच्या आनंदीबाई होत्या. सोबतीला मिशनरी स्त्रिया होत्या. घरचे मात्र कोणीही नव्हते. ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या. न्यू जर्सीतील रोझेल या गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याशी त्यांचा परिचय तोवर केवळ पत्रांतून झालेला होता. मासिकात छापलेले एक पत्र वाचून या अमेरिकन गृहिणीने हजारो मैलांवरच्या एका अपरिचित हिंदू मुलीला लिहावयास घेतले आणि तिला आपल्या घरी ठेवून घेतले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. परक्या संस्कृतीची ओळख त्यांना अशी एका घराच्या उंबरठ्यातून झाली.

पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना त्यांनी शाकाहार आणि साडी या दोन गोष्टी सोडल्या नाहीत. समुद्र ओलांडणारी स्त्री धर्म बुडवून येणार, असे येथे उघड बोलले जात होते. आपण गेलो तशाच परत येऊ, असा शब्द त्यांनी निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथील जाहीर भाषणात दिला होता. तो पाळणे सोपे नव्हते. नऊवारी साडीत पोटऱ्या उघड्या राहत आणि तेथील थंडी हाडांपर्यंत पोहोचे. तेव्हा त्यांनी अंग अधिक झाकणारी गुजराती पद्धतीची साडी नेसावयास घेतली. साडी राखली, नेसण बदलली. वरवर लहान वाटणाऱ्या या तडजोडीमागे परक्या हवेत राहणाऱ्या माणसाचे पुष्कळ शहाणपण आहे.

शब्द पाळला गेला, पण देहाने साथ दिली नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना वैद्यकीय पदवी मिळाली, तोवर क्षयाने त्यांना ग्रासले होते. त्या वर्षाच्या अखेरीस त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, पुण्यात निवर्तल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेला पाठविण्यात आल्या आणि त्या कुटुंबाच्या दफनभूमीत, पोकीप्सी या गावी, त्यांचे स्मारक उभे राहिले. पत्रांतून जुळलेली मावशी शेवटपर्यंत मावशीच राहिली.

एक डॉलर, दहा वर्षे

आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला नात्यातील एक विदुषी मुद्दाम इंग्लंडहून आली होती. पंडिता रमाबाईंना तेव्हा आईवडील, भाऊ, पती यांपैकी कोणीही उरले नव्हते. जवळ होती ती पाच वर्षांची मनोरमा. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि चेल्टनहॅम येथील महाविद्यालयात अध्ययनाबरोबर संस्कृतचे अध्यापनही केले. धर्म बदलला तरी शाकाहार त्यांनी बदलला नाही. धर्ममतांच्या बाबतीतही त्या आपल्या मार्गदर्शक भगिनींशी निर्भयपणे वाद घालत. परक्यांचे उपकार घेणे म्हणजे आपली बुद्धी त्यांच्याकडे गहाण टाकणे नव्हे, हे त्यांनी आचरणाने दाखवून दिले.

अमेरिकेला त्या थोड्या दिवसांसाठी गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या. मनोरमेला त्यांनी परत इंग्लंडला पाठविले. आईने मुलीपासून दूर राहून दुसऱ्यांच्या मुलींसाठी गावोगाव भाषणे देत हिंडावयाचे, हा त्या प्रवासाचा खरा खर्च होय. या काळात त्यांनी बालोद्यान शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला आणि हिंदुस्थानातील बालविधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. तो उभा करण्याची रीत कोणत्याही बँकव्यवहाराच्या अभ्यासकाला आवडावी अशी आहे. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. ठिकठिकाणी ‘रमाबाई मंडळे’ निघाली आणि त्यांच्या सभासदांनी वर्षाला एक डॉलर याप्रमाणे दहा वर्षे देण्याचे वचन दिले. एखाद्या धनिकाच्या मोठ्या देणगीपेक्षा अनेकांचा लहान पण नियमित हप्ता संस्थेला अधिक भक्कम पाया देतो. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झाले ते या बळावर.

त्याच वर्षी त्यांनी अमेरिकेतील लोकस्थिती आणि आपला प्रवास यांवर मराठीत पुस्तक लिहिले. राज्यपद्धती, घरे, शाळा, परोपकारी संस्था, उद्योगधंदे, स्त्रियांची स्थिती असा त्याचा विस्तार आहे. रमाबाईंना अमेरिका आवडली होती. स्त्रियांनी एकत्र येऊन संस्था चालवाव्यात, हे दृश्य त्यांना विशेष भावले. परंतु कृष्णवर्णीयांना मिळणारी वागणूक किंवा स्त्रियांना नाकारलेला मताधिकार या गोष्टी त्यांनी झाकून ठेवल्या नाहीत. पाहुणचार घेतला म्हणून डोळे मिटले नाहीत, आणि दोष दिसले म्हणून गुण नाकारले नाहीत. परदेशाचे असे दोन्ही बाजूंचे पान लिहिणारे प्रवासी आजही फार आढळत नाहीत.

सांखवाळहून हार्वर्डपर्यंत

तिसरे नाव धर्मानंद कोसंबी यांचे. गोव्यातील सांखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या या मुलाचे शालेय शिक्षण जेमतेम झाले. पुढील काम नारळाच्या बागा सांभाळण्याचे. एका मराठी बालमासिकातील लेखातून त्यांना बुद्धचरित्राची ओळख झाली आणि त्या एका ओळखीने त्यांचे आयुष्य ओढून नेले. १८९९ च्या अखेरीस पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक यांना मागे ठेवून ते घराबाहेर पडले. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा आधार मिळाला. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. नेपाळला जाऊन निराश होऊन ते परतले. बौद्ध धर्माचे मूळ ग्रंथ वाचायचे तर पाली शिकली पाहिजे आणि त्यासाठी सिंहलद्वीपाला जावे लागेल, हे त्यांना बुद्धगयेस उमगले.

१९०२ मध्ये ते कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांजवळ पोहोचले आणि त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली. मातृभाषा जाणणारा एकही सोबती नाही, दुपारनंतर अन्न न घेण्याचा भिक्षूंचा नियम, आणि ग्रंथ सिंहली लिपीत. तेथून पुढे ब्रह्मदेश. तेथे तेच ग्रंथ बर्मी लिपीत. एकाच वचनासाठी डोळ्यांना दर मुक्कामी नवी अक्षरे शिकवावयाची होती. उत्तर ब्रह्मदेशातील सगाईंगच्या डोंगरांतील गुहेत त्यांनी ध्यानाभ्यास केला, तेव्हा त्यांच्या सोबतीला ज्ञानतिलोक नावाचे जर्मन भिक्षू होते. पूर्वाश्रमी ते व्हायोलिनवादक होते. एक गोव्याच्या नारळबागेतून आलेला, दुसरा जर्मनीच्या संगीतसभांतून, आणि दोघांनाही जोडणारी भाषा पाली. ती दोघांपैकी कोणाचीच मातृभाषा नव्हती. परसंस्कृतीत मैत्री पुष्कळदा अशा तिसऱ्याच अंगणात होते.

भारतात परतल्यावर कोसंबी कलकत्त्यास पाली शिकवू लागले. तेथे त्यांचा जम बसला असताना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून प्रस्ताव आला. महाराष्ट्रातील कोणत्याही गावी राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहावे, या अटीवर दरमहा ५० रुपये मिळणार होते. आपण मिळविलेले ज्ञान मराठी लोकांपर्यंत पोहोचावे या इच्छेने कोसंबींनी विद्यापीठाची नोकरी सोडून ही वृत्ती स्वीकारली. केवळ आकड्यांचा हिशेब करणाऱ्याला हा व्यवहार तोट्याचा वाटेल. परंतु पाली वाङ्मय मराठीत आणण्याच्या त्यांच्या कार्याला बळ मिळाले ते यातून.

१९१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या डॉ. जेम्स वूड्स यांच्या निमंत्रणावरून ते अमेरिकेस गेले. हेन्री वॉरन यांच्या निधनाने अपुरे राहिलेले ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाचे संपादन त्यांना पूर्ण करावयाचे होते. सिंहली आणि बर्मी अक्षरांशी घातलेली झुंज येथे कामी आली. पण ग्रंथाच्या श्रेयावरून प्रा. लॅनमन यांच्याशी त्यांचे मतभेद झाले आणि १९१२ मध्ये ते काम अर्धवट ठेवून परतले. परदेशातील वेतन आणि प्रतिष्ठा यांच्यापेक्षा त्यांना आपल्या श्रमाचा मान मोठा वाटला. उल्लेखनीय गोष्ट अशी की त्यांनी कटुता धरून ठेवली नाही. फर्ग्युसन महाविद्यालयात सहा वर्षे पाली शिकवल्यानंतर १९१८ मध्ये ते पुन्हा हार्वर्डला गेले, त्यानंतरही आणखी दोनदा गेले आणि काम तडीस नेले. ‘विसुद्धिमग्ग’ देवनागरीत १९४० मध्ये मुंबईत निघाला. हार्वर्डची आवृत्ती १९५० मध्ये आली. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे देह ठेवलेल्या कोसंबींना ती पाहावयास मिळाली नाही.

दरम्यान १९२९ मध्ये ते लेनिनग्राडलाही अध्यापनासाठी राहून आले आणि परतल्यावर १९३० च्या सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास पत्करला. भिक्षुसंघ, अमेरिकन विद्यापीठ, सोव्हिएत रशिया आणि इंग्रजांचा तुरुंग इतक्या निरनिराळ्या जगांत राहूनही या माणसाची मूळ ओढ बदलली नाही. ‘निवेदन’ या त्यांच्या आत्मचरित्रात ही कथा साध्या, निगर्वी मराठीत वाचावयास मिळते. त्यांची नात डॉ. मीरा कोसंबी यांनी पुढे ‘निवेदन’ आणि रमाबाईंचे अमेरिकेवरील पुस्तक ही दोन्ही इंग्रजीत आणली.

मागे राहिलेल्यांचा खर्च

प्रवाशाच्या कथेत एक पान नेहमी कोरे राहते. ते घरी राहिलेल्यांचे. तान्ह्या मुलीसह गोव्यात राहिलेल्या बाळाबाईंनी ती वर्षे कशी काढली असतील? कोसंबी १९१८ मध्ये माणिक आणि धाकटा दामोदर यांना अमेरिकेला घेऊन गेले. माणिक तेथे पदवीधर झाली, दामोदर पुढे गणितज्ञ व इतिहासकार म्हणून ख्यातनाम झाले. बाळाबाई मात्र तेव्हाही मागेच होत्या. एकट्याच्या प्रवासाची किंमत एकटा प्रवासी कधीच भरत नाही.

आज पत्राला महिना लागत नाही. एचएसआर लेआउटमधून गेलेला मुलगा बर्लिनहून रोज आईचा चेहरा पाहू शकतो. तरी वीजबिल, औषधे, घरदुरुस्ती हे प्रश्न गावीच उभे राहतात. म्हणून निघण्यापूर्वी काही गोष्टी कराव्यात. नोकरीसाठी परदेशी गेल्यावर फेमा कायद्यानुसार व्यक्ती अनिवासी ठरते. तेव्हा आपले नेहमीचे बचत खाते अनिवासी सामान्य, म्हणजेच एनआरओ खात्यात बदलून घेणे आवश्यक असते. परदेशातील कमाई पाठविण्यासाठी स्वतंत्र एनआरई खाते उघडता येते. येथील देणी वेळेवर भागावीत म्हणून घरच्या विश्वासू व्यक्तीस खाते चालविण्याचे अधिकारपत्र देता येते. सर्व खात्यांवर नामनिर्देशन आहे ना, हेही पाहावे. या कामास शाखेत फार वेळ लागत नाही. न केल्यास मात्र त्याचा त्रास वृद्ध आईवडिलांना होतो.

उरलेली यादी बँक करून देऊ शकत नाही. साडी राखून नेसण बदलावी, मैत्री जोडावी पण मत गहाण टाकू नये, अपमान झाला तर परत यावे आणि काम मोलाचे असेल तर पुन्हा जावे, हे निर्णय ज्याचे त्यालाच घ्यावे लागतात. त्याचा सराव कदाचित एचएसआर लेआउटमधील त्या जिन्यातच सुरू होतो. ‘ऊट आय्ता?’ या प्रश्नाला ‘आयतु’ असे उत्तर देऊन ज्याने घरमालकीणबाईंना हसविले, त्याला पुढच्या मुलखातही कोणी ना कोणी जेवलास का म्हणून विचारील.